कर्जत-खालापूर परिसरातील परसबाग

परसबाग म्हणजे घराच्या मागील किंवा बाजूच्या मोकळ्या जागेत कुटुंबाच्या रोजच्या गरजेपुरता भाजीपाला, फळे, मसाल्याची व औषधी झाडे लावून तयार केलेली छोटी बाग होय. महाराष्ट्रातील रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागात, सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेल्या कर्जत व खालापूर या तालुक्यांत परसबागेची परंपरा जुनी आहे. घरामागचा वेलांचा मांडव, सांडपाण्यावर वाढलेले अळू व केळी, कुंपणालगतचा शेवगा आणि हिवाळ्यातील वालाचे वेल ही या भागातील परसबागेची ठळक लक्षणे आहेत.

चार महिने मुसळधार पाऊस आणि उरलेले आठ महिने जवळजवळ कोरडे हवामान, हे या भागातील भाजीपाल्याच्या लागवडीपुढील मुख्य आव्हान आहे. पावसाळ्यात मुळे कुजणे, रोपे मरणे, गोगलगायी व फळमाशी यांपासून पीक वाचवावे लागते. उन्हाळ्यात पाणीटंचाई, मोकाट जनावरे व माकडे यांपासून. त्यामुळे येथील परसबागेत लागवडीइतकेच संरक्षणालाही महत्त्व आहे.

नाव व व्याप्ती

घराच्या मागील बाजूस असलेल्या मोकळ्या जागेला मराठीत परस किंवा परसू म्हणतात. घराच्या मागच्या दाराला व त्यापुढील अंगणाला परसदार असा शब्द आहे. परसातील बाग ती परसबाग. विक्रीसाठी केलेल्या भाजीच्या लागवडीस मळा म्हणतात. परसबाग व मळा यांतील फरक केवळ आकाराचा नाही. मळ्यात एक-दोन पिके मोठ्या प्रमाणावर घेतली जातात व ती एकाच वेळी काढणीस येतात. परसबागेत अनेक पिके थोड्या थोड्या प्रमाणात असतात आणि वर्षभर काही ना काही हाताशी यावे असा तिचा हेतू असतो. आहारदृष्ट्या आखलेल्या परसबागेला अलीकडे पोषण परसबाग किंवा पोषण वाटिका असेही म्हटले जाते.

भौगोलिक पार्श्वभूमी

कर्जत तालुका उल्हास नदीच्या व खालापूर तालुका मुख्यतः पाताळगंगा नदीच्या खोऱ्यात येतो. माथेरानचा डोंगर कर्जत तालुक्यात आहे. खालापूर तालुक्यातील खोपोली हे बोरघाटाच्या पायथ्याचे औद्योगिक शहर असून शिळफाटा हा त्याचाच गजबजलेला भाग आहे. दोन्ही तालुक्यांत वार्षिक सरासरी पर्जन्यमान ३००० मिलिमीटरहून अधिक आहे आणि त्यातील बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या काळात पडतो.

खरिपातील भात हे येथील मुख्य पीक आहे. खाचरांची जमीन भातासाठी राखली जाते, तर उताराच्या वरकस जमिनीवर नाचणी व वरी घेतली जाते. भात निघाल्यावर जमिनीत उरलेल्या ओलाव्यावर वाल पेरला जातो. भाजीपाल्यासाठी वेगळी जमीन क्वचितच शिल्लक राहते, म्हणून घराभोवतीच्या जागेला महत्त्व येते. अतिवृष्टीमुळे मातीतील विद्राव्य अन्नद्रव्ये धुऊन जातात व माती आम्लधर्मी होते; उतारावर मातीचा थरही पातळ असतो.

कर्जत येथे १९१९ साली भात संशोधन केंद्र सुरू झाले. ते आज प्रादेशिक कृषी संशोधन केंद्र म्हणून ओळखले जाते व दापोली येथील डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत येते. या विद्यापीठाची स्थापना १९७२ मध्ये झाली. कोकणातील उष्ण व दमट हवामानात तग धरणारे भाजीपाल्याचे अनेक वाण विद्यापीठाने विकसित केले असून त्यांतील बरेचसे परसबागेस उपयुक्त आहेत. जिल्ह्याचे कृषी विज्ञान केंद्र रोहा तालुक्यातील किल्ला येथे आहे.

परंपरा

वांगी, काकडी, शिराळी, पडवळ व अळू या भाज्या भारतीय उपखंडात प्राचीन काळापासून पिकवल्या जातात. मिरची, टोमॅटो, लाल भोपळा, रताळे ही मूळची अमेरिका खंडातील पिके सोळाव्या शतकानंतर पोर्तुगीजांच्या व्यापारातून भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आली व पुढे परसातील नेहमीची पिके झाली.

परसातील वेलांचे बी रोहिणी किंवा मृग नक्षत्रात, म्हणजे मेअखेरीपासून जूनच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत, टोकण्याची प्रथा आहे. असे वेल गणेशोत्सवाच्या सुमारास फळू लागतात. भाद्रपद शुद्ध पंचमीस, म्हणजे ऋषिपंचमीस, केली जाणारी ऋषीची भाजी ही परसबागेशी जोडलेली परंपरा आहे. या दिवशी बैलाच्या श्रमाने पिकलेले अन्न वर्ज्य मानतात. त्यामुळे अळू, माठ, भेंडी, शिराळी, पडवळ, लाल भोपळा, सुरण, मक्याची कणसे असे हाताने लावलेले पदार्थ एकत्र शिजवले जातात. हिवाळ्यात वालाच्या शेंगा मडक्यात भांबुर्डीच्या पाल्यासह भाजून केली जाणारी पोपटी रायगड जिल्ह्यात लोकप्रिय आहे.

दोन्ही तालुक्यांत ठाकूर, कातकरी व महादेव कोळी या आदिवासी समाजांची मोठी वस्ती आहे. त्यांच्या आहारात परसातील भाज्यांबरोबर रानभाज्यांनाही स्थान आहे. पावसाच्या सुरुवातीला शेवळे, टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी आणि पुढे करटोली गोळा केली जातात. परसातील वेल फळू लागण्यापूर्वीचे आठवडे या भाज्या भरून काढतात. करटोलीचे कंद, कणगर, रानातील अळू अशा काही वनस्पती रानातून आणून कुंपणाच्या कडेला लावल्या जातात.

जागेची निवड व आखणी

परसबागेसाठी दिवसातून किमान पाच ते सहा तास ऊन मिळणारी, पाण्याजवळची व घरातून नजर राहील अशी जागा योग्य ठरते. पाच माणसांच्या कुटुंबाची भाज्यांची गरज वर्षभर भागवण्यासाठी साधारणपणे २०० चौरस मीटर, म्हणजे सुमारे दोन गुंठे, जागा सुचवली जाते. प्रत्यक्षात वाड्या-पाड्यांवरील व शहरी वस्तीतील परस यापेक्षा बरेच लहान असतात. अशा ठिकाणी कुंपण, मांडव, छप्पर व भिंत या उभ्या जागांचा उपयोग करून घेतला जातो.

शेवगा, हादगा, लिंबू, कढीपत्ता, पपई, केळी ही उंच व बहुवर्षायू झाडे बागेच्या उत्तर कडेला लावल्यास इतर पिकांवर सावली कमी पडते. मांडवाखालील अर्धवट सावलीत आले, हळद व अळू घेता येते. मोरीचे सांडपाणी जिथे जिरते तिथे केळी किंवा अळू लावण्याची पद्धत सर्वत्र आढळते. मात्र साबणाचा अंश अधिक असलेले पाणी पालेभाज्यांना देणे टाळले जाते. उरलेल्या जागेचे लहान वाफे पाडून त्यांत हंगामी पिके आलटून पालटून घेतली जातात.

अतिवृष्टीच्या प्रदेशात सपाट वाफ्यात पाणी साचते. त्यामुळे सुमारे १ मीटर रुंद व १५ ते २० सेंटिमीटर उंच गादीवाफे आणि त्यांच्यामध्ये उताराच्या दिशेने पाणी काढून देणारे चर, अशी रचना केली जाते. दोन्ही बाजूंनी हात पोहोचेल एवढीच रुंदी ठेवल्याने वाफ्यावर पाय पडत नाही व माती घट्ट होत नाही. नेरळजवळील सगुणा बागेचे शेतकरी चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेल्या सगुणा भात तंत्रातही कायमस्वरूपी गादीवाफे व नांगरणीविना लागवड हीच मूळ कल्पना आहे. त्यात पिकाची मुळे जमिनीतच कुजू दिली जातात, त्यामुळे मातीतील सेंद्रिय कर्ब वाढतो.

हंगामनिहाय पिके

पावसाळा (जून ते सप्टेंबर): शिराळी, घोसाळी, पडवळ, कारले, काकडी, तवसे, दुधी, लाल भोपळा, भेंडी, चवळी, अळू, माठ, अंबाडी, मका. वांगी व मिरचीची रोपे निचरा होणाऱ्या वाफ्यात.

हिवाळा (ऑक्टोबर ते जानेवारी): वाल, मुळा, पालक, मेथी, कोथिंबीर, लाल माठ, वांगी, टोमॅटो, मिरची, नवलकोल, कोबी, फुलकोबी, कांदा, गाजर.

उन्हाळा (फेब्रुवारी ते मे): पाण्याची सोय असल्यास भेंडी, गवार, चवळी, काकडी, माठ, दुधी. एप्रिल-मेमध्ये आले, हळद व सुरणाची लागवड.

बारमाही: शेवगा, कढीपत्ता, केळी, पपई, लिंबू, हादगा, मायाळू, कणगर, गवती चहा.

पालेभाज्या एकदम न पेरता दर दहा-पंधरा दिवसांनी थोड्या थोड्या पेरल्यास त्यांचा पुरवठा सलग राहतो. वालाच्या अनेक स्थानिक जातींना फुलोऱ्यासाठी लहान दिवस लागतात. त्यामुळे असा वेल पावसाळ्यात लावला तरी शेंगा दिवस लहान झाल्यावर, म्हणजे हिवाळ्यातच येतात. वेल भरपूर वाढूनही फुले येत नाहीत म्हणून तो आधीच काढून टाकणे चुकीचे ठरते.

कोकण कृषी विद्यापीठाच्या वाणांपैकी कारल्याचा 'कोकण तारा', शिराळीचा 'कोकण हरिता', पडवळाचा 'कोकण श्वेता', काकडीचा 'शीतल', चवळीचा 'कोकण सदाबहार', वालपापडीचा 'कोकण भूषण', मिरचीचा 'कोकण कीर्ती', माठाचा 'कोकण दुरंगी' व अळूचा 'कोकण हरितपर्णी' हे वाण प्रसिद्ध आहेत.

लागवड

वेलवर्गीय भाज्यांसाठी सुमारे ३० सेंटिमीटर लांब, रुंद व खोल आळी खणून त्यांत कुजलेले शेणखत व माती भरतात आणि प्रत्येक आळ्यात दोन-तीन बिया टोकतात. उगवण झाल्यावर जोमदार रोपे ठेवून बाकीची काढली जातात. कारले, पडवळ यांसारख्या कठीण कवचाच्या बिया रात्रभर पाण्यात भिजवल्यास लवकर रुजतात. वांगी, टोमॅटो व मिरची यांची रोपे आधी लहान गादीवाफ्यावर तयार करून चार ते पाच आठवड्यांनी सायंकाळच्या वेळी लावली जातात. पावसाळी आळे भोवतालच्या जमिनीपेक्षा उंच ठेवतात. उन्हाळ्यात उलट ते खोलगट केले जाते.

शिराळी, पडवळ, कारले व वाल यांना मांडव लागतो. तो बांबू, झाडांच्या फांद्या व काथ्या किंवा तार यांपासून सुमारे दोन मीटर उंचीचा बांधला जातो. मांडवावर वाढलेल्या वेलांची फळे जमिनीला टेकत नाहीत, त्यामुळे ती कमी कुजतात, सरळ वाढतात व किडीची पाहणी सोपी होते. कोवळ्या पडवळाच्या टोकाला लहान दगड बांधून फळ सरळ ठेवण्याची पद्धत प्रचलित आहे.

वेलवर्गीय भाज्यांमध्ये नर व मादी फुले वेगवेगळी असतात आणि परागीभवन मुख्यतः मधमाश्यांसारख्या कीटकांकडून होते. सततच्या पावसात कीटकांचा वावर घटल्याने कोवळी फळे पिवळी पडून गळतात. अशा वेळी नर फुलाच्या पाकळ्या काढून त्याचा परागकोश मादी फुलाच्या कुक्षीवर हलकेच फिरवल्यास फळधारणा होते. मादी फूल त्यामागील इवल्या फळामुळे सहज ओळखता येते. शिराळी व दुधीची फुले सायंकाळी, तर भोपळा, काकडी व कारल्याची सकाळी उमलतात. हाताने परागीभवन करताना ही वेळ पाळावी लागते.

खत व पाणी

शेणखत, गांडूळखत, पालापाचोळ्याचे कंपोस्ट आणि चुलीतील राख ही परसबागेची मुख्य खते होत. राखेतून पालाश मिळते व मातीची आम्लता काहीशी कमी होते. ती एकाच जागी वारंवार व फार टाकली जात नाही. गिरिपुष्पाच्या कोवळ्या फांद्यांचा पाला हिरवळीचे खत म्हणून वापरतात. अर्धवट कुजलेले शेण घातल्यास हुमणीसारख्या अळ्यांचा उपद्रव वाढतो.

पावसाळ्यानंतर वाफ्यांवर भाताचा पेंढा, तूस किंवा वाळलेला पाला पसरून आच्छादन केले जाते. त्यामुळे ओलावा टिकतो, तण कमी उगवते व माती तापत नाही. पाण्याची टंचाई असलेल्या ठिकाणी मडका सिंचन उपयोगी पडते. यात बिनचकाकीचे मातीचे मडके गळ्यापर्यंत जमिनीत पुरून पाण्याने भरतात. मडक्यातून पाझरणारे पाणी भोवतीच्या तीन-चार वेलांच्या मुळांना मिळते. तोंड झाकून ठेवल्याने बाष्पीभवन टळते व डासांची पैदास होत नाही.

कमी जागेत अधिक उत्पादनाचा विचार महाराष्ट्रात श्री. अ. दाभोळकर यांनी 'प्रयोग परिवार' या चळवळीतून मांडला. सूर्यप्रकाशाचा पुरेपूर वापर, घरातील व परिसरातील काडीकचऱ्यापासून सुपीक माती तयार करणे आणि प्रत्येक कुटुंबाने स्वतः प्रयोग करून नोंदी ठेवणे यांवर त्यांचा भर होता. 'विपुलाच सृष्टी' हे त्यांचे पुस्तक या विषयावरचे आहे.

पीक संरक्षण

कुंपण

कुंपणाला कोकणात वई असेही म्हणतात. भात निघाल्यावर गुरे मोकळी सोडण्याची पद्धत असल्याने हिवाळ्यात कुंपणाविना भाजी टिकत नाही. बोर, करवंद यांच्या काट्यांची वई दरवर्षी नव्याने घालावी लागते. गिरिपुष्प, शेर, मोगली एरंड, निरगुडी, अडुळसा यांची सजीव कुंपणे अधिक काळ टिकतात. यांतील बहुतेक वनस्पती गुरे खात नाहीत. शेराचा चीक डोळ्यांना व त्वचेला घातक असतो आणि मोगली एरंडाच्या बिया विषारी असतात, म्हणून लहान मुलांचा वावर असलेल्या परसात त्या टाळणे इष्ट असते. कोंबड्यांपासून रोपे वाचवण्यासाठी बांबूच्या कामट्यांचे कुड किंवा जुन्या जाळ्या वापरतात.

वन्य प्राणी

डोंगरालगतच्या गावांत वानर, माकडे, रानडुकरे व साळिंदर यांचा उपद्रव होतो. रानडुकरे व साळिंदर मुख्यतः कंद उकरतात, तर वानरे शेंगा, फळे व कोवळे शेंडे खातात. बुजगावणी व आवाज यांना हे प्राणी काही दिवसांत सरावतात. म्हणून उपाय सतत बदलावे लागतात. लहान बागेत वरून व बाजूंनी जाळी लावणे हा सर्वांत खात्रीचा उपाय आहे. हळद, आले, मिरची यांसारखी माकडांना नकोशी पिके कडेला व आवडती पिके घराजवळ लावल्यानेही नुकसान कमी होते. कुंपणात घरगुती वीजप्रवाह सोडणे बेकायदेशीर असून त्यातून माणसे व जनावरे दगावू शकतात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार संरक्षित प्राण्यांना इजा करणे हा गुन्हा आहे.

किडी

फळमाशी: वेलवर्गीय भाज्यांची ही सर्वांत घातक कीड आहे. मादी कोवळ्या फळाच्या सालीखाली अंडी घालते. अळ्या आतील गर खातात व फळ वाकडे होऊन सडते. पूर्ण वाढलेली अळी फळातून बाहेर पडून मातीत कोषावस्थेत जाते. अळी फळाच्या आत असल्याने वरून केलेली फवारणी तिच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून किडलेली व गळलेली फळे रोज गोळा करून खोल पुरणे किंवा पाण्यात बुडवून अळ्या मारणे, मांडवाखालील माती वरचेवर हलवून कोष उघडे पाडणे आणि कोवळ्या फळांना कागदी वा कापडी पिशव्या घालणे हे उपाय महत्त्वाचे ठरतात. किडकी फळे खतखड्ड्यात वरवर टाकल्यास तेथूनच नव्या माश्या बाहेर पडतात. क्यू-ल्युर या गंधाच्या सापळ्यात केवळ नर माश्या अडकतात. त्यामुळे सापळ्याचा लाभ शेजारच्या परसांतही तो लावल्यास अधिक होतो.

लाल भुंगेरे: हे नारिंगी-लाल भुंगेरे वेलांची नुकती उगवलेली दले व कोवळी पाने खातात. सकाळी ते सुस्त असताना हाताने वेचता येतात. पानांवर दव असताना चाळलेली राख भुरभुरवण्याची पद्धत पारंपरिक आहे; पावसाने राख धुऊन गेल्यास ती पुन्हा टाकावी लागते.

शेंडे व फळे पोखरणारी अळी: ही वांग्यावरील मुख्य कीड असून तिच्यामुळे कोवळे शेंडे माना टाकतात. असे शेंडे अळीसह कापून नष्ट केल्यास पुढे फळांचे नुकसान बरेच कमी होते.

मावा, तुडतुडे व पांढरी माशी: या किडी पानांतील रस शोषतात. पांढरी माशी भेंडीवरील पिवळ्या शिरांच्या रोगाचा व टोमॅटोवरील पर्णगुच्छ रोगाचा विषाणू पसरवते. पिवळे चिकट सापळे, पाण्याचा जोरदार फवारा व निंबोळी अर्क यांनी त्यांचे प्रमाण आटोक्यात राहते. वालावरील काळा मावा शेंड्यांवर दाटीने आढळतो. तेवढे शेंडे खुडणे हा सोपा उपाय आहे. ढालकिडे व त्यांच्या अळ्या मावा खातात, म्हणून त्या दिसत असताना फवारणी टाळली जाते.

गोगलगायी: पावसाळ्यात आफ्रिकी शंखी गोगलगाय व बिनशंखी गोगलगायी रात्री रोपे कुरतडतात. ओली गोणपाटे वाफ्यांलगत पसरून ठेवल्यास त्या सकाळी त्यांखाली गोळा होतात. हातमोजे किंवा चिमटा वापरून त्या वेचतात व मिठाच्या पाण्यात टाकतात. मीठ थेट वाफ्यात टाकल्यास माती व पिके बिघडतात. पालापाचोळ्याचे ढीग व दगडविटांचे ढिगारे बागेपासून दूर ठेवल्यास त्यांची लपण्याची जागा कमी होते.

रोग

रोपमर: दाट पेरणी व साचलेले पाणी यांमुळे रोपवाटिकेतील रोपे जमिनीलगत कुजून कोलमडतात. विरळ पेरणी, उंच वाफा, पावसापासून आडोसा आणि ट्रायकोडर्मा या उपयुक्त बुरशीची बीजप्रक्रिया यांनी रोग टळतो.

जिवाणूजन्य मर: कोकणातील उष्ण, दमट हवेत व आम्लधर्मी मातीत वांगी, टोमॅटो व मिरचीवर हा रोग वारंवार येतो. झाड हिरवे असतानाच एकाएकी कोमेजते. अशा झाडाचे खोड कापून त्याचा तुकडा स्वच्छ पाण्याच्या पेल्यात धरल्यास दुधाळ धारा बाहेर येतात. ही या रोगाची ओळख आहे. रोगट झाड वाचत नाही. ते मुळांसह काढून बागेबाहेर नष्ट करावे लागते व त्या वाफ्यात पुढील दोन-तीन वर्षे या कुळातील पिके टाळून मका, पालेभाज्या किंवा शेंगवर्गीय पिके घेतली जातात. बंगळुरू येथील भारतीय बागवानी संशोधन संस्थेचे 'अर्का केशव' व 'अर्का निधी' हे वांग्याचे आणि 'अर्का रक्षक' हा टोमॅटोचा वाण या रोगास प्रतिकारक्षम आहेत.

केवडा व भुरी: वेलांच्या पानांवर पावसाळी दमट हवेत केवड्याचे पिवळे कोनाकृती ठिपके, तर कोरड्या व थंड हवेत भुरीची पांढरी भुकटी दिसते. जुनी, जमिनीलगतची पाने काढून हवा खेळती ठेवणे व पाणी पानांवर न टाकता मुळाशी देणे हे प्राथमिक उपाय आहेत.

फवारणी

परसातील भाजी रोज तोडून खाल्ली जात असल्याने रासायनिक कीटकनाशके येथे अयोग्य ठरतात. फवारणीनंतर काढणीसाठी थांबण्याचा काळ पाळणे घरगुती बागेत जवळजवळ अशक्य असते. पाच टक्के निंबोळी अर्क हा प्रचलित पर्याय आहे. त्यासाठी ५० ग्रॅम वाळलेल्या निंबोळ्यांची पूड रात्रभर थोड्या पाण्यात भिजवून सकाळी कापडातून गाळतात, एकूण पाणी १ लिटर करतात व किंचित साबण मिसळून सायंकाळी फवारतात. अर्क त्याच दिवशी वापरावा लागतो, कारण उन्हात व साठवणीत त्याची परिणामकारकता घटते. तंबाखूचा काढा 'घरगुती' असला तरी त्यातील निकोटीन विषारी असते. खाण्याच्या भाजीवर तो वापरणे धोक्याचे आहे.

बियाण्यांचे जतन

परसबागेतील बियाणे पूर्वी घरीच राखले जाई. वेलावरचे पहिले-दुसरे जोमदार फळ न तोडता पूर्ण पिकू दिले जाते. शिराळी व घोसाळी वेलावरच वाळवतात. भोपळ्याचे व काकडीचे बी धुऊन सावलीत सुकवतात. बियाणे राखेत मिसळून मडक्यात, वाळलेल्या दुधीच्या तुंब्यात किंवा चुलीवरच्या धुरात टांगून ठेवण्याची पद्धत आहे. वालासारख्या मुख्यतः स्वपरागित पिकाचा वाण घरी सहज शुद्ध राहतो. वेलवर्गीय पिकांत मात्र शेजारच्या वेलांशी संकर होतो. संकरित वाणाचे बी पुन्हा लावल्यास पुढील पिढीत मूळ गुण टिकत नाहीत.

स्थानिक वाण टिकवण्याच्या कामातील सह्याद्रीतील ठळक उदाहरण राहीबाई सोमा पोपेरे यांचे आहे. अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाईंनी घेवडा, वाल, भात व भाज्यांचे गावरान वाण जमवले, बाएफ संस्थेच्या साह्याने बियाणे बँक उभारली व परिसरातील स्त्रियांना परसबागेसाठी बियाणे दिले. 'बीजमाता' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या राहीबाईंना २०२० सालचा पद्मश्री पुरस्कार जाहीर झाला. कर्जत तालुक्यातील कशेळे येथील अ‍ॅकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेने भाताच्या स्थानिक वाणांचे जतन व आदिवासी गावांतील धान्य बँका यांबाबत काम केले आहे.

पोषण व सामाजिक संदर्भ

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वांत प्रौढ व्यक्तीस दररोज सुमारे ४०० ग्रॅम भाज्या व १०० ग्रॅम फळे सुचवली आहेत. मजुरीवर जगणाऱ्या कुटुंबांच्या आहारात मुख्यतः भात व थोडी डाळ असते. भाजी हा पैसे कमी पडताच पहिल्यांदा वगळला जाणारा पदार्थ असतो. त्यामुळे गर्भवती स्त्रिया व लहान मुलांतील रक्तक्षय व कुपोषण रोखण्याच्या प्रयत्नांत परसबागेला स्थान दिले जाते. माठ, शेवग्याचा पाला व लाल भोपळा यांतून अ जीवनसत्त्वाचे पूर्वद्रव्य, पालेभाज्यांतून लोह आणि वालातून प्रथिने मिळतात. लिंबातील क जीवनसत्त्वामुळे वनस्पतिजन्य लोहाचे शोषण वाढते.

केंद्र शासनाच्या २०१८ मध्ये सुरू झालेल्या पोषण अभियानात अंगणवाड्या व घरांलगत पोषण वाटिकांना उत्तेजन देण्यात आले. महाराष्ट्र राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियानाने (उमेद) स्वयंसाहाय्यता गटांतील स्त्रियांमार्फत 'माझी पोषण परसबाग' ही मोहीम राबवली.

परसबागेच्या प्रसाराला येथे दोन मूलभूत मर्यादा आहेत. पहिली स्थलांतराची. केंद्र शासनाने विशेष असुरक्षित आदिवासी गट म्हणून नोंदलेल्या कातकरी समाजातील अनेक कुटुंबे पावसाळा संपल्यावर वीटभट्ट्या व कोळसाभट्ट्यांवर कामासाठी जातात व पुढील पावसाच्या तोंडावर परततात. हिवाळी भाजीपाल्याचा मुख्य हंगाम याच काळात येतो. रोज पाणी व राखण लागणारी पिके त्यांना घेता येत नाहीत. त्यांच्यासाठी शेवगा, कढीपत्ता, कणगर, सुरण यांसारखी कमी देखभालीची बहुवर्षायू झाडे व कंदपिके आणि पावसाळी वेल अधिक उपयोगाचे ठरतात. केवळ हिवाळी भाज्यांच्या बियाण्यांची पाकिटे वाटल्याने हा प्रश्न सुटत नाही.

दुसरी मर्यादा जागेच्या मालकीची आहे. रायगड व ठाणे जिल्ह्यांतील अनेक कातकरीवाड्या ज्या जमिनीवर पिढ्यानपिढ्या वसल्या आहेत, ती जमीन कुटुंबांच्या नावावर नाही. मुंबई-पुणे महामार्ग, औद्योगिक वसाहती, शेतघरे व गृहप्रकल्प यांमुळे जमिनीचे भाव वाढल्यावर अशा वाड्यांना विस्थापनाचा धोका निर्माण झाला. फळण्यास काही वर्षे घेणारे झाड लावणे किंवा पक्के कुंपण घालणे हे घराखालील जागेच्या हक्कावर अवलंबून असते. त्यामुळे परसबाग हा विषय पोषणाबरोबर गावठाण हक्कांशीही जोडला गेलेला आहे.

नागरी वस्त्यांतील परसबाग

खोपोली, शिळफाटा, कर्जत व नेरळ येथील वाढत्या वस्तीत परस नाहीसा होऊन गच्ची, सज्जा व खिडकीतील कुंड्यांना महत्त्व आले आहे. पालेभाज्यांसाठी १५ ते २० सेंटिमीटर खोलीची पसरट भांडी पुरतात. वांगी, टोमॅटो व मिरचीसाठी किमान ३० सेंटिमीटर खोलीची कुंडी लागते. कुंडीच्या तळाला छिद्रे ठेवणे आणि माती, कंपोस्ट व नारळाचा भुसा यांचे हलके मिश्रण वापरणे आवश्यक असते. मुसळधार पावसात कुंड्यांतील अन्नद्रव्ये लवकर धुऊन जातात, म्हणून दर पंधरा दिवसांनी मूठभर कंपोस्ट देतात. गच्चीवर बाग करण्यापूर्वी जलरोधक थर व भिजलेल्या मातीचे वजन पेलण्याची क्षमता तपासली जाते.

काढणी व वापरातील दक्षता

भेंडी, काकडी व शिराळी कोवळी असतानाच, एक-दोन दिवसांआड तोडल्यास फळधारणा सुरू राहते. कडू लागणारी दुधी, शिराळी किंवा काकडी खाऊ नये; त्यांतील कुकरबिटासिन या द्रव्यामुळे उलट्या, जुलाब व गंभीर विषबाधा होऊ शकते. शिजवल्याने हा कडूपणा जात नाही. अळू, सुरण व शेवळे यांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सूक्ष्म स्फटिक असल्याने घसा खाजतो. म्हणून ते चिंच, आमसूल किंवा शेवळ्यांच्या बाबतीत काकड या रानफळासह चांगले शिजवतात. रानातील कंद व अळूचे सर्व प्रकार खाण्याजोगे नसतात. जाणकाराकडून ओळख पटल्यावरच त्यांची परसात लागवड व वापर केला जातो.

हेही पाहा

कर्जत तालुका
खालापूर तालुका
डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ
रानभाज्या
वाल
राहीबाई पोपेरे
ऋषिपंचमी